चार्जरचे वॅट म्हणजे मर्यादा, सक्ती नव्हे

जास्त वॅटचा चार्जर लावला की बॅटरी खराब होते, हा समज अजून बराच पक्का आहे. पण चार्जरवरचा आकडा तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो एवढंच सांगतो. घ्यायचं किती, ते लॅपटॉप ठरवतो. यूएसबी-सी पॉवर डिलिव्हरीत दोघांमध्ये आधी बोलणी होतात आणि मगच ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट ठरतात. म्हणून ६५ वॅटच्या लॅपटॉपला १०० वॅटचा चांगला चार्जर चालतो. फक्त त्याने चार्जिंग दुप्पट वेगाने होईल, ही अपेक्षा नको.

खरी अडचण कमी वॅटची. ६० वॅट-तासांची बॅटरी आणि १५ वॅट खाणारं काम धरा. ६५ वॅटच्या चार्जरमधून बॅटरीसाठी ५० वॅट उरतात, म्हणजे कागदावर सव्वा तास. ३० वॅटच्या चार्जरवर थेट चार तास. प्रत्यक्षात वेळ आणखी लागतो, कारण भरत आलेली लिथियम-आयन बॅटरी करंट कमी कमी घेते. काम ४५ वॅटचं झालं, तर ३० वॅटचा चार्जर लावूनही बॅटरी उतरते, किंवा लॅपटॉप प्रोसेसरचा वेग आवरतो. गेम अडखळला की लोक रॅमला दोष देतात!

'माझा तर ३० वॅटवर नीट चालतो' हेही खरंच, टायपिंगपुरतं. आणि केबल विसरू नका: साधी यूएसबी-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटच. त्यापुढे ५ अँपिअरची, चिप असलेली केबल लागते.