सी-व्ह्यूच्या आधी सातबारा!

इन्स्टावर एक रील येतं. कौलारू घर, अंगणात नारळ, मागे लाटांचा आवाज आणि खाली लिहिलेलं असतं, 'सी-व्ह्यू प्लॉट, शेवटचे दोनच शिल्लक!' आपण ते फॅमिली ग्रुपवर टाकतो, बाबा अंगठा दाखवतात आणि पुढच्या रविवारी अख्खं घर अलिबाग, दापोली नाहीतर मालवणच्या रस्त्याला लागतं.

स्वप्नात काहीच चूक नाही. पण त्यात ओतला जाणारा पैसा बहुतेक वेळा आईबाबांच्या पीएफचा असतो. आणि सातबारा, फेरफार ही कागदपत्रं आता ऑनलाइन मिळतात. म्हणजे घरातल्या ज्याचा हात मोबाइलवर सगळ्यात वेगाने चालतो, त्यानेच थोडा अभ्यास करायला हवा. थोडक्यात, तुम्ही!

जमीन नक्की कुणाची?

कोकणातल्या सातबाऱ्यावर एकच नाव सापडलं तर नशीबच म्हणायचं. आजोबांच्या नावावरची जमीन वाटणी न होता पुढे येते आणि एका गटावर पंधरा-वीस नावं चढतात. कुणी मुंबईला, कुणी बडोद्याला. गावात राहणारा भाऊ व्यवहार ठरवतो, पण बाकीच्यांच्या सह्या? त्यातही सर्वात आधी विसरली जाते ती आत्या. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला. तिने हक्कसोडपत्र केलेलं नसेल, तर स्वस्तात मिळतेय म्हणून आपण घेत असलेल्या जागेत तिचा हिस्साही असू शकतो. मग कोर्टाच्या तारखा सुरू होतात आणि घर राहतं कागदावर.

सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. कूळ, बँकेचा बोजा यांच्या नोंदी तिथेच दिसतात. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल, तर ती विकायला सरकारी परवानगी लागू शकते. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीतच नसते. जो शेतकरी नाही, त्याला महाराष्ट्रात एरवी परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यामुळे एजंट 'एनए होऊन जाईल हो' म्हणाला, तर 'झालंय का?' एवढंच विचारायचं. विसार देण्याआधी वकिलाकडून टायटल सर्च आणि भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घेतलेली बरी.

बांधता येईल का?

जमीन आपली झाली म्हणजे तिच्यावर घर बांधता येईलच असं नाही. इथे सीआरझेड येतो. किनारा वाचवण्यासाठी १९९१ मध्ये हे नियम आले, पुढे २०११ आणि २०१९ मध्ये बदलले. ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन घराला मनाई होती. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी ही पट्टी ५० मीटरवर आणायची सोय केली. विरळ वस्तीच्या गावांत २०० मीटरच राहिली. त्याच्यापुढेही उंचीवर आणि वापरावर बंधनं आहेत. खाडीकाठालाही नियम आहेत, फक्त अंतरं वेगळी. त्यामुळे आपला गट मंजूर नकाशात कुठे पडतो, हे आधी पाहायचं. थोडक्यात, रीलमधला 'पायरी उतरली की वाळू' हा प्लॉट बहुधा बांधकामाच्या कामाचा नसतोच.

जुन्या लोकांनी काय केलं?

गुहागर किंवा दापोलीजवळचं मुरुड बघा. समुद्राला समांतर रस्ता, घरांची तोंडं रस्त्याकडे. मागे नारळ-सुपारीची वाडी आणि तिच्यापलीकडे समुद्र. म्हणजे खारा वारा आधी झाडांनी झेलायचा, मग घराने. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागा आडव्या झाल्या, कितीतरी घरांची छपरं उडाली. वाऱ्याचा तो जोर लक्षात ठेवून घराचा विचार करायला हवा. भिंतीला जांभ्याचा चिरा, उतरतं छप्पर, पाऊस अंगावर येऊ नये म्हणून पडवी. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं, म्हणून ग्रील आणि सळ्यांवर जास्तीचा खर्च धरायचा. आर्किटेक्चर किंवा सिव्हिलवाल्यांनो, सुट्टीत ही गावं पायी फिराच!

आणि जागा डिसेंबरातच बघून भुलू नका. त्या वेळी कोकण सगळ्यांनाच आवडतं. एकदा मे महिन्यात जा आणि शेजारच्या विहिरीचं पाणी चाखा, खारं लागतंय का ते कळेल. एकदा जुलैत जा. पाणी कुठे तुंबतं, वाट शिल्लक राहते का, ते दिसेल. तेव्हाच शेजारच्या काकूंना विचारा, 'ही जागा कुणाची?' त्यांनी चार नावं घेतली आणि सातबाऱ्यावर तीनच असली, तर विसाराचे पैसे खिशातच राहू द्या.