बुद्धि मोजावी कशी?

'मुलगा हुशार आहे' किंवा 'मठ्ठ आहे' असे निवाडे आपण घरोघर ऐकतों. पण बुद्धि म्हणजे नेमकें काय, याविषयीं मानसशास्त्रज्ञांतहि एकमत नाहीं.

१९०४ सालीं इंग्लंडांत स्पिअरमन यांनीं प्रतिपादन केलें कीं, सर्व बौद्धिक कार्यांच्या मुळाशीं एकच सामान्य शक्ति असते. पुढल्याच वर्षीं पॅरिसमध्यें बिने व सिमाँ यांनीं शाळेंत मागें पडणारीं मुलें ओळखण्यासाठीं कसोट्या रचल्या. हेतु त्यांस साहाय्य करण्याचा होता. परंतु अमेरिकेंत त्यांच्या निकालास अनेकांनीं जन्मजात योग्यतेचा शिक्काच मानलें.

वास्तविक कसोटी ज्या समाजांत तयार होते, त्याची राहणी तिच्यांत उतरतेच. १९६० नंतरच्या काळांत अमेरिकन संशोधकांनीं लायबेरियांतील क्पेले शेतकऱ्यांपुढें कांहीं वस्तु मांडून त्यांचे गट करण्यास सांगितलें. त्यांनीं सुरीजवळ संत्रें ठेविलें. कारण सुरीनें संत्रें कापतात. अखेरीस 'मूर्ख मनुष्य हें कसें करील?' असें विचारतांच त्यांनीं फळें एकीकडे व हत्यारें दुसरीकडे लाविलीं! परीक्षकास जी बुद्धीची खूण, तीच त्यांस मूर्खपणाची वाटत होती.

ब्राझीलमधील रेसीफे शहरचा दाखला याहून बोलका आहे. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत ९ ते १५ वर्षांच्या पांच फेरीवाल्या मुलांची परीक्षा घेतली होती. विक्री करतांना त्यांचे शेंकडा ९८ हिशेब बरोबर आले. तसेच हिशेब नुसत्या आंकड्यांनीं मांडून दिले, तेव्हां शेंकडा ३७ च. ३५ दराचे दहा नारळ घेतले, तर एक मुलगा तीन नारळांचे १०५, आणखी तिहींचे मिळून २१०, असा चढत ३५० वर पोहोंचला. शाळेंतली 'दहानें गुणतांना शून्य द्यावें' ही रीत त्यानें वापरलीच नाहीं.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनीं मराठी व कानडी मुलांसाठीं बिने यांच्या कसोट्या नव्यानें बसवून १९४० सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. परक्या कसोटीचें नुसतें भाषांतर पुरत नाहीं, हेंच त्या खटाटोपाचें मर्म होय.

म्हणून कसोट्या निरुपयोगी ठरत नाहींत. शालेय यशाचा अंदाज त्यांनीं बराचसा बांधतां येतो. परंतु शाळा म्हणजे सारें जीवन नव्हे. फळ्यापुढें अडलेल्या मुलास मठ्ठ ठरविण्यापूर्वीं तोच प्रश्न त्याच्या नित्याच्या व्यवहारांतून विचारून पहावा. एकदां लागलेला शिक्का पुसणें फार कठीण असतें. प्रश्न बदलून विचारण्यास मात्र घटकाभरच लागते.