हिरवे पुट हा वयाचा दाखला नव्हे

"हिरवी आहे म्हणजे जुनी आहे, आणि जुनी आहे म्हणजे अस्सल आहे." दक्षिणेतल्या धातुमूर्तींचा विषय निघाला की हे वाक्य कोणीतरी म्हणतेच. मूर्ती जमवणारे म्हणतात, विकणारे तर हमखास म्हणतात. कुंभकोणमची यात्रा करून येताना स्वामीमलैहून हौसेने नटराज आणलेली मंडळीही असे कोणाचे तरी ऐकून आपल्या मूर्तीच्या चकाकीकडे संशयाने पाहू लागतात. या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही महागात पडणाऱ्या आहेत.

आधी हिरवेपणाचे पाहू. तांब्याच्या मिश्रधातूवर ओल, हवा आणि क्षार यांचा परिणाम होऊन हिरवे पुट चढते. ते किती चढेल, हे मूर्तीच्या वयापेक्षा ती कुठे राहिली यावर ठरते. चोळकाळातल्या कित्येक उत्सवमूर्ती संकटाच्या दिवसांत जमिनीत पुरल्या गेल्या आणि पुढे कधीतरी शेतात किंवा पाया खणताना सापडल्या. त्या हिरव्या असतात. पण जी मूर्ती शतकानुशतके पूजेत राहिली, जिच्यावर अभिषेक होत राहिले, जी वेळोवेळी घासूनपुसून लख्ख केली गेली, ती हिरवी कशी होईल? तिचे नाकडोळे झिजून गुळगुळीत झालेले असतात. म्हणजे पूजेतली खरोखरच जुनी मूर्ती या कसोटीवर नापास! उलट कालपरवा ओतलेली मूर्ती आम्ल आणि नवसागराच्या द्रावणाने माखून ओल्या मातीत पुरा, थोड्याच काळात ती 'हजार वर्षांची' दिसू लागेल. हिरवे पुट फार तर एवढेच सांगते, की या धातूला ओल आणि क्षार लागले. कधी लागले, ते सांगत नाही.

'अँटिक फिनिश'च्या नव्या मूर्ती उघडपणे विकल्या जातात आणि त्यात काही गैर नाही. लबाडी सुरू होते ती पुढच्या दुकानात, जिथे 'फिनिश' हा शब्द गळून पडतो.

दुसरी चूक मला जास्त झोंबते. नवी म्हणजे नकली! स्वामीमलैचा स्थपती आजही मेण आणि राळेच्या मिश्रणातून आधी पूर्ण मूर्ती घडवतो, तालमानाची, म्हणजे शास्त्रोक्त अंगप्रमाणांची, मापे नारळाच्या पातीच्या घड्या घालून घेतो. मेणावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर चढवतो, साचा तापवून मेण वाहू देतो आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततो. धातू निवला की साचा फोडावाच लागतो, म्हणून पुढच्या मूर्तीसाठी सारे पहिल्यापासून. मग छिन्नीकाम आणि झिलई. या मूर्तींना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. अशी मूर्ती नकली कशाची? ती आजची अस्सल मूर्ती आहे. नकली असतो तो तिच्याबद्दल सांगितलेला इतिहास.

शंका असेल तर कुंभकोणमजवळच्याच शिवपुरमची हकिगत पाहा. तिथे 1951 साली जमिनीतून चोळकालीन मूर्ती निघाल्या, त्यांत दहाव्या शतकातला एक नटराज होता. त्या दुरुस्तीसाठी दिल्या गेल्या तेव्हा प्रतिकृती करवून घेतल्या गेल्या आणि देवळात परतल्या त्या प्रतिकृती. मूळ नटराज मुंबईतल्या संग्राहकांच्या हातून फिरला. देवळातली मूर्ती खरी नव्हे, हे ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी 1965 साली मुंबईतच प्रकाशित झालेल्या आपल्या पुस्तकात लिहिले, तोवर वर्षानुवर्षे त्या प्रतिकृतीची पूजा होत होती. पुढे मूळ मूर्ती अमेरिकेत संग्राहक नॉर्टन सायमन यांनी सुमारे दहा लाख डॉलरला घेतली. भारत सरकारने दावा लावला, 1976 मध्ये तडजोड झाली आणि 1986 मध्ये नटराज परत आला. इतक्या वर्षांत देवळात कोणालाही नुसत्या डोळ्यांनी फरक कळला नाही, आणि आपल्याकडे लोक मोबाइलवरचा फोटो पाहून शतक सांगतात!

मग प्रयोगशाळेत पाठवावे? तिथेही भाबड्या अपेक्षा असतात. कार्बन चाचणी धातूचे वय सांगत नाही. तापदीप्ती चाचणीला आतला मातीचा गाभा लागतो, आणि दक्षिणेतल्या बहुतेक उत्सवमूर्ती भरीव ओतलेल्या. मिश्रधातूचे विश्लेषण मात्र उपयोगी पडते. धातूंच्या अभ्यासक शारदा श्रीनिवासन यांनी शंभरावर दक्षिणी मूर्तींचे धातू तपासले आहेत. चोळकालीन मूर्तींत तांब्याबरोबर कथील आणि शिसे आढळते. आजच्या ओतकामात पितळ घालतात, त्यामुळे जस्त येते. 'चोळकालीन' म्हणून दाखवलेल्या मूर्तीत जस्त भरपूर निघाले तर सावध व्हावे.

'पंचधातू म्हणजे भरपूर सोने' हेही खरे नाही. सोने-चांदी असली तर विधीपुरती, नाममात्र असते. चुंबक चिकटला नाही म्हणून मूर्ती जुनी ठरत नाही, तो कालच्या पितळी तांब्यालाही चिकटत नाही. वजनदार म्हणजे प्राचीन, हेही नाही, कारण स्वामीमलैत आजही भरीवच ओततात.

खरा निकाल बहुधा जुन्या नोंदींवरून लागतो. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानच्या देवळातून चोरलेला नटराज ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने 2008 मध्ये पन्नास लाख डॉलरला घेतला, तेव्हा सोबतचे कागद सांगत होते की मूर्ती 1972 च्या आधीच भारताबाहेर गेली. ते कागद बनावट होते. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने 1994 साली काढलेल्या छायाचित्रात तोच नटराज देवळात उभा होता. 2014 मध्ये तो परत आला.

म्हणून मूर्ती 'खूप जुनी' आहे असे कोणी सांगितले, तर हरखून जाण्याआधी कायदा आठवावा. 1972 चा पुरावस्तू कायदा 1976 पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी धातुमूर्ती पुरावस्तू ठरते, तिची नोंदणी लागते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. विक्रेत्याचे म्हणणे खरे असेल तर नोंदणीचा कागद त्याच्याकडे असलाच पाहिजे. नवी मूर्ती परदेशी मुलाकडे पाठवायची असेल, तर घडवणाऱ्याकडून पक्के बिल घ्यावे आणि ती पुरावस्तू नसल्याचा पुरातत्त्व खात्याचा दाखला आधीच काढून ठेवावा. विशेषतः हिरवे 'फिनिश' असेल तर, कारण विमानतळावरही हिरवी मूर्ती जुनीच वाटते.