डॉक्टरांनी क्षमा मागावी काय?

गावात एखादा रोगी उपचार चालू असताना दगावला, की पारावर दोनच मते ऐकू येतात. एकजण म्हणतो, "नशीब!" दुसरा म्हणतो, "डॉक्टरने मारला." डॉक्टर मात्र गप्प असतो. "मला फार वाईट वाटते," एवढेही तो का बोलत नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

त्याला भीती असते ती कोर्टाची. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात पालशेत येथे एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुण्यात उपचार चालू असताना तो वारला. त्याच्या वडिलांनी, जे स्वतः डॉक्टर होते, दावा लावला. 'जोशी विरुद्ध गोडबोले' हा तो खटला १९६८ साली सर्वोच्च न्यायालयात संपला. भरपाई मिळाली ३,००० रुपये. पण रोगी हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरने काळजी घेतली पाहिजे, हे तत्त्व कायम झाले.

१९९५ साली पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले. त्यामुळे संग्रामपूरचा माणूस खाजगी डॉक्टरविरुद्ध बुलढाण्याच्या ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या सरकारी दवाखान्याबाबत मात्र त्याला दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. फौजदारी गुन्ह्यासाठी तर निष्काळजीपणा ढोबळ असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले.

मग क्षमा मागणे म्हणजे दोष कबूल करणे काय? इंग्लंडच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे केवळ क्षमा मागितल्याने निष्काळजीपणाची कबुली होत नाही. आपल्याकडे असे स्पष्ट संरक्षण नाही. डॉक्टरचे शब्द पुराव्यात येऊ शकतात. तथापि कबुली हा निर्णायक पुरावा नव्हे, हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील तत्त्व २०२३ च्या नव्या कायद्यातही कायम आहे. काळजी घेतली होती की नाही, हे न्यायालय उपचारांवरून पाहते.

म्हणून मला वाटते, "तुमचे दुःख मी जाणतो" आणि "चूक माझी" ही दोन वाक्ये वेगळी आहेत. पहिले बोलायला कोणत्याही डॉक्टरने कचरू नये. दुसरे निर्भयपणे बोलता यावे, यासाठी कायद्याने आधार द्यावा. घरातले माणूस गेलेल्यांना पैशाआधी काय घडले ते हवे असते. ते दवाखान्यात कळले नाही, की माणसे वकिलाचे दार शोधतात.