लोणा, लोणावळा आणि शोधयंत्र

पावसाळा सरता सरता आमच्या बैठकीच्या भिंतीवर पांढरी भुकटी दिसू लागली. मोबाइलवर शोधलं, 'भिंत पांढरी पावडर'. आले रंगाच्या डब्यांचे भाव! मग 'भिंतीला ओल, पांढरे डाग' असं टाकलं, तर बुरशी घालवायचे उपाय. त्यातल्याच एका व्हिडिओत गवंडी म्हणाला, "हा लोणा आहे." मी रोमन अक्षरांत 'लोणा' टाकला आणि यंत्राने मला लोणावळ्याची हॉटेलं दाखवली. देवनागरीत लिहून पुढे 'भिंत' जोडलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. विटा-सिमेंटमधले क्षार ओलाव्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीवर उरतात.

म्हणजे अडलं होतं ते शब्दापाशी. संशोधक जॉर्ज फर्नास आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्येच दाखवलं होतं, की एकाच गोष्टीला दोन माणसं आपणहून एकच शब्द वापरतील ही शक्यता 20 टक्क्यांहून कमी असते. आता यंत्रं अर्थाचाही अंदाज बांधतात, तरी नेमक्या शब्दाला तोड नाही.

आपण मात्र शब्दांच्या बाबतीत कंजूष. 'एक्साइट' या जुन्या शोधयंत्रावरच्या 18,113 जणांच्या 51,473 शोधांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. सरासरी शोध जेमतेम 2.21 शब्दांचा निघाला! बरेच जण एकदा विचारून थांबले होते. ज्यांनी बदल केला, त्यांनीही बहुधा एखाददुसराच शब्द घातला, गाळला किंवा बदलला.

मार्शिया बेट्स या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक. माणूस शोधतो ते रानातली बेरी वेचावी तसं, असं त्यांनी 1989 मध्ये मांडलं. आपण करवंदं म्हणू. ती एका जाळीत पुरेशी मिळत नाहीत. चार इथे, चार पलीकडे. मला यातलं पुढचं अधिक पटतं: वेचता वेचता आपल्याला काय हवंय तेच बदलत जातं. मी डाग पुसायला निघालो होतो; पोहोचलो वरच्या मजल्यावरच्या गळक्या नळापर्यंत.

'तुम्हाला असं म्हणायचं होतं का?' हे यंत्र विचारतं, तेही काही अंशी आपल्याआधी चुकलेल्यांनी केलेल्या दुरुस्त्यांवरूनच शिकलेलं असतं. आपण मराठीत केलेल्या दुरुस्त्याही पुढच्यांच्या कामी येऊ शकतात. तेव्हा मराठीत शोधताना पहिल्या फटक्यात हाती काही लागलं नाही, तर लगेच इंग्रजीकडे वळू नका. आधी एखाद्या गवंड्याला, सुताराला, नाहीतर घरातल्या आजीला विचारा, याला म्हणतात काय?