कासवाचे पिल्लू सापडले तर

पावसाची पहिली झड ओसरली की मानखुर्दसारख्या खाडीकाठच्या उपनगरात एखाद्या शाळेच्या मैदानाकडेला, नाल्यापाशी किंवा साचलेल्या डबक्यात कासवाचे पिल्लू मुलांच्या दृष्टीस पडावे, यात नवल नाही. एखादा धीट मुलगा ते डब्यात घालून वर्गात आणतो. सारा वर्ग भोवती जमतो. कोणी दूध आणावयास धावतो, कोणी भाताची शिते पुढे टाकतो, तर खाडी जवळच असल्याने पिल्लू तेथे नेऊन सोडावे, असे कोणी सुचवितो. या तिन्ही गोष्टींमागे दयाबुद्धी आहे. परंतु त्यांतील एकही पिल्लाच्या हिताची नाही, आणि तिसरी तर त्याच्या जिवावर बेतणारी ठरू शकते.

आपल्या संतवाङ्मयात कासवीचा दृष्टांत वारंवार येतो. कासवी पिल्लांना पाजत नाही, केवळ कृपादृष्टीने त्यांना वाढविते, अशी ती कल्पना आहे. दृष्टांत म्हणून ती मनोहर आहे यात शंका नाही. प्रत्यक्षात मात्र मादी जमिनीत खड्डा करून अंडी घालते, वर माती किंवा वाळू लोटते आणि निघून जाते. पिल्ले अंड्यांतून बाहेर पडतात तेव्हा ती तेथे नसते. म्हणून एकटे दिसलेले पिल्लू हे चुकलेले किंवा पोरके आहे असे समजण्याचे कारण नाही. एकट्याने जगणे हाच त्याचा जन्मक्रम होय. ते धडधाकट असेल, रहदारीच्या वाटेवर नसेल आणि कुत्र्या-कावळ्यांच्या तावडीत सापडण्याचा धोका नसेल, तर त्यास हात न लावणे हेच उत्तम.

उचलणे भागच पडले, तर प्रथम पिल्लाचे पाय पाहावेत. पाय वल्ह्यासारखे चपटे असतील तर ते सागरी कासव. बोटांमध्ये पडदा व टोकास नखे असतील तर ते गोड्या पाण्यातील. पाय हत्तीच्या पायासारखे खांबवजा असतील तर ते जमिनीवरील. एवढी ओळख पटण्यापूर्वी कोणतेही पिल्लू कोणत्याही पाण्यात सोडू नये. जमिनीवरचे कासव पोहणारे नसते, खोल पाण्यात ते बुडून मरते. गोड्या पाण्यातील पिल्लाला खाडीचे खारे पाणी मानवत नाही, आणि सागरी पिल्लू विहिरीत जगत नाही.

मानखुर्दच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावयास हवी. एका बाजूस ठाण्याची खाडी, तिवरांची झाडी व मिठागरांची जमीन, तर दुसऱ्या बाजूस पावसाचे पाणी वाहून नेणारे नाले व तात्पुरती तळी अशी या भागाची रचना आहे. वाशी व ऐरोली या पुलांच्या दरम्यानचा खाडीचा पट्टा २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाला. तथापि सागरी कासवांना अंडी घालण्यासाठी वाळूचा किनारा लागतो. खाडीतील चिखल त्यांच्या उपयोगाचा नाही. त्यामुळे येथे सापडणारे पिल्लू बहुधा गोड्या पाण्यातील किंवा कोणाच्या तरी घरून सुटलेले असणार.

गोड्या पाण्यातील कासवांपैकी 'फ्लॅपशेल' ही जात आपल्याकडे सर्वत्र आढळते. पवईच्या तलावातही ती आहे. मागचे पाय आत ओढून घेतल्यावर त्यांवर कातडी झापा बंद होतात, ही तिची खूण. तळी, कालवे, भातखाचरे हे तिचे घर; उन्हाळ्यात पाणी आटले म्हणजे हे कासव चिखलात दडून राहते. गोगलगायी, किडे, लहान मासे, बेडूक व पाणवनस्पती हे त्याचे अन्न. त्याच्या पाठीवर कठीण खवल्यांऐवजी कातडीचे आवरण असते. त्यामुळे पिल्लाची पाठ मऊ लागली की ते आजारी आहे असा अनेकांचा समज होतो आणि हळद-तेलाचा उपचार सुरू होतो. तो करू नये. मान लांब असल्यामुळे हे कासव मागे वळून चावतेही, याची मुलांना कल्पना द्यावी.

वन विभागाचा माणूस येईपर्यंतच्या काही तासांपुरती व्यवस्था अगदी साधी आहे. पसरट टबात पिल्लाची पाठ जेमतेम बुडेल इतकेच गोडे पाणी घ्यावे. कासव फुप्फुसाने श्वास घेते, त्यास वारंवार डोके वर काढावे लागते. म्हणून एका बाजूस टेकण्यापुरता दगड ठेवावा. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवलेले असल्यास बरे. टब सावलीत ठेवून वर जाळी टाकावी. दूध, पाव, भात काहीही देऊ नये. एखादा दिवस न खाल्ल्याने पिल्लाचे काही बिघडत नाही. नेताना मात्र पाणी नको. हवेशीर खोक्यात ओले फडके अंथरून न्यावे. हाताळणाऱ्या प्रत्येकाने साबणाने हात धुतलेच पाहिजेत, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे रोगजंतू असू शकतात. मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्ये बंदी घालण्यात आली.

डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले हिरवे पिल्लू आढळल्यास ते आपल्याकडील नव्हे, अमेरिकेतून पाळीव प्राण्यांच्या व्यापारात आलेले आहे. लहानपणी ते तळहातावर मावते. पुढे ताटाएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. मग कंटाळलेले मालक पुण्यकर्म समजून ते तलावात सोडतात. तेथे ते देशी कासवांचे अन्न व उन्हाची जागा बळकावते. असे पिल्लू कदापि मोकळे सोडू नये. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले 'स्टार' कासव जमिनीवरचे व देशीच असले, तरी मुंबईत ते सहसा चोरट्या व्यापारातूनच येते. घरात कासव ठेवल्याने भरभराट होते या समजुतीने या व्यापारास चांगलेच खतपाणी मिळाले आहे. देवळातील दगडी कासवाला नमस्कार करून घरी जिवंत कासव काचेत कोंडणे, यातील विसंगती फार थोड्यांना जाणवते.

सागरी पिल्लांची गोष्ट वेगळी. मार्च २०१८ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची सुमारे ८० पिल्ले वाळूतून बाहेर पडून समुद्राकडे निघालेली दिसली. नागरिकांनी २०१५ पासून चालविलेल्या सफाईनंतर घडलेली ही घटना होती. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे तर सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वन विभाग व ग्रामस्थांच्या साहाय्याने अंड्यांचे रक्षण केले आहे. अशा ठिकाणी उत्साही मंडळी पिल्लांना बादलीतील पाण्यात ठेवतात, ही मोठी चूक होय. पोटातील बलकाच्या शिदोरीवर पिल्लाला पहिले काही दिवस पोहून किनाऱ्यापासून दूर जावयाचे असते. ती शक्ती बादलीतच खर्ची पडते. त्याला ओलसर वाळूवर, अंधारात ठेवावे. किनाऱ्यावरील दिवे मालवावेत, कारण पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात आणि रस्त्याच्या दिव्यांना समुद्र समजून भलतीकडे जातात.

आता कायद्याविषयी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये फ्लॅपशेल व सागरी कासवे पहिल्या अनुसूचीत आहेत. ती बाळगणे, विकणे किंवा शाळेत प्रदर्शनासाठी ठेवणे हा गुन्हा असून त्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा होऊ शकते. हे ऐकून शिक्षक घाबरतात आणि सापडलेले पिल्लू गुपचूप कोठेतरी सोडून मोकळे होतात. वास्तविक त्याच कायद्याच्या कलम ३९ मध्ये मार्ग सांगितलेला आहे: असा प्राणी हाती आल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे कळवावे. वेळेत कळविणारा माणूस कायद्याचे पालनच करीत असतो. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावरही कळविता येते. ग्रामपंचायतींनी हा क्रमांक फलकावर लिहून ठेवण्यास काही खर्च येत नाही.

पिल्लू स्वाधीन करताना एक चिठ्ठी सोबत अवश्य द्यावी: ते नेमके कोठे, किती वाजता व कोणत्या स्थितीत सापडले, जवळ पाणी होते काय, असल्यास गोडे की खारे. पिल्लू निरोगी ठरल्यास ते शक्यतो सापडल्या ठिकाणाजवळच्या योग्य पाण्यात सोडावयाचे असते, आणि ते पाणी कोणते हे वनरक्षकास या चिठ्ठीवरूनच कळते. ती चिठ्ठी ज्या मुलाने पिल्लू आणले त्यालाच लिहू द्यावी.