ट्रॅक्टरचा कलमापक : निवड आणि बसवणी



पैठण भागात जायकवाडीच्या कालव्याकाठच्या फडातून ऊस भरून निघताना ट्रॅक्टर किती कलला, हे बसल्या जागी नेमके उमगत नाही. मागच्या चाकांत १५० सेंमी अंतर असेल आणि एक चाक २६ सेंमी उंच चढले, तर कल १० अंशांचा होतो.

वाकड्या नळीत गोळी असलेला कलमापक घ्यावा, असे आम्ही सुचवतो. नळीत तेल असले म्हणजे धक्क्यांनी गोळी नाचत नाही. बॉनेटच्या थरथरत्या पत्र्यावर तो लावू नये. चालकासमोर पक्क्या पट्टीवर आडवा बसवावा. दोन्ही बाजूंच्या चाकांत हवा सारखी भरून, सपाट जागी गोळी शून्यावर आणावी. मग त्याच जागी ट्रॅक्टर उलट तोंडाने उभा करावा. गोळी शून्यावरच राहिली, तर बसवणी बरोबर.

मात्र ध्यानात ठेवा, गोळी ट्रॅक्टरचा कल सांगते, मागच्या उंच भरलेल्या ट्रॉलीचा नाही. वळताना ती बाहेर सरकते, तो आकडा खरा धरू नये. पुढचा खड्डा किंवा खचलेला काठ तर तिला कळतच नाही. तिथे उतरून डोळ्यांनी पाहावे. खेप चुकली तर दुसरी मारता येते. घरचा माणूस गेला तर परत येत नाही.